एकसष्ट वेळा दाबलेलं बटण

मित्रांनो, मी काउंटर आहे. दुकानात ज्याच्यावर कोपर टेकून माणसं गप्पा मारतात, तो नव्हे. तो लाकडी असतो, त्याला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे त्याचं आयुष्य सुखात जातं. मी मुठीत मावणारा, लोखंडी, गोल पोटाचा. डोक्यावर एक बटण, पोटावर एक काच, काचेमागे चार आकडे. बटण दाबलं की टिक असा आवाज होतो आणि आकडा पुढे सरकतो. एवढंच मला येतं. मी आता जुना झालो आहे, अंगावरचा मुलामा उडाला आहे, आणि सध्या मी भयंकर संतापलेलो आहे. पण आधी जन्म सांगायची रीत आहे, म्हणून जन्म सांगतो. सांगताना मी शांत वाटलो तर फसू नका.

एका कारखान्यात एका बाईंनी मला जोडलं. त्यांच्या टेबलावर दिवसाला दोनशे काउंटर तयार व्हायचे आणि ते किती झाले हे मोजायला त्या पाटीवर खडूने रेघा मारायच्या. हा माझ्या आयुष्यातला पहिला अपमान. तेव्हा मी पाच मिनिटांचा होतो, म्हणून गप्प बसलो.

पहिली नोकरी नदीच्या धक्क्यावर लागली. तिथली लाँच चाळीस माणसांची होती. माणूस फळीवर पाय ठेवी, लाँचवाले मामा मला दाबत, आणि काचेत चाळीस दिसले की फळी वर. एकदा एका लग्नाच्या मंडळींत खुद्द नवरदेव एकेचाळिसावा निघाला. मामांनी त्याला खाली उतरवलं. सगळी मंडळी पुढे गेली आणि नवरदेव पुढच्या फेरीला हार घालून एकटा आला. लोकांनी मामांना नको नको ते ऐकवलं. पण ऐकवायला सगळे जिवंत होते. मित्रांनो, मोजण्याला अर्थ कुठे असतो, हे मी तिथे शिकलो. लाँचला वजन कळतं, आणि माणसं किती आहेत एवढाच तिथे प्रश्न असतो.

मग नदीवर पूल झाला. लाँच बंद पडली आणि मी मामांच्या खणात सुतळी, मेणबत्त्या आणि एका चावीशेजारी सहा वर्षं पडून राहिलो. ती चावी कसली हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, तरी तिला दर वर्षी पुसून ठेवत. मला नाही. पुढे म्हातारपणी मामांनी मला त्यांच्या चर्चला देऊन टाकलं.

तिथे मी दारवाल्या मावशींच्या हातात आलो. दर रविवारी दाराशी उभं राहून उपासनेला किती जण आले हे मोजायचं, हे त्यांचं काम. मावशी कडक होत्या. पोटुशी बाई आत आली की मला दोनदा दाबायच्या. एक तांबडा कुत्राही दर रविवारी येऊन शेवटच्या बाकाखाली बसायचा, त्यालाही एकदा. कमिटीने हरकत घेतली तेव्हा मावशी म्हणाल्या, "तो प्रवचनात झोपत नाही. कमिटीतल्या कोणाचं नाव घेऊ?" हरकत मागे घेण्यात आली. मावशींनी मला तेल घातलं, दोरी बांधली, गळ्यात मिरवलं. ते माझे सोन्याचे दिवस होते.

आता संतापाकडे येतो.

त्या वर्षी टीव्हीवर एक कौटुंबिक विनोदी मालिका सुरू झाली. नाव होतं 'सहा जण, एक बाथरूम'. रोज संध्याकाळी साडेसातला. बाप, आई, तीन मुलं आणि एक आजी. ही आजी बाथरूममध्ये रेडिओ घेऊन जायची आणि बातम्या संपल्याशिवाय बाहेर यायची नाही. बाप प्रत्येक नळ स्वतः दुरुस्त करायचा आणि मग प्लंबर यायचा. शेजारचा एक लंगडणारा गृहस्थ बादली घेऊन गरम पाणी मागायला यायचा. प्रेक्षकांच्या हसण्याचा आवाज कंपनीनेच भरून ठेवलेला होता, म्हणजे घरच्यांना त्रास नको.

चर्चमधल्या सगळ्या मुलांना मालिका पाठ झाली. मग एका रविवारी संडे स्कूलमध्ये, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गात, टीचरनी विचारलं, "समुद्र दुभंगला तेव्हा पुढे कोण होतं?" आणि पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "प्लंबर."

झालं. कमिटीकडे पत्र आलं. लिहिणारे होते किराणावाले. पत्रात होतं की या मालिकेतलं कुटुंब बारा भागांत चोवीस वेळा जेवलं आणि एकदाही कोणी जेवणाआधी प्रार्थना केली नाही. अशी मालिका ख्रिस्ती घरातल्या मुलांनी पाहावी काय?

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, चष्मा पुसत विचारलं, "तुम्ही बाराच्या बारा भाग पाहिलेत?"

"विरोध म्हणून पाहिले," किराणावाले म्हणाले.

हा प्रश्न चिटणीस आजोबांकडे सोपवण्यात आला. आजोबा चर्चचे चिटणीस, पण त्याआधी पस्तीस वर्षं स्क्रूच्या कारखान्यात तपासनीस होते. पेटीतून मूठभर स्क्रू काढायचे, वाकडे किती ते बघायचं, ठरल्यापेक्षा जास्त निघाले की अख्खी पेटी परत. आयुष्यात त्यांनी एकही वाकडी पेटी पुढे जाऊ दिली नव्हती. त्यांनी मालिकेलाही तोच नियम लावला. चार भाग नमुना म्हणून घ्यायचे. खोटं बोलणं, उलट उत्तर, अपुरे कपडे, मोठ्यांची टिंगल, असं काही दिसलं की एक दोष. तीसपर्यंत पास. तिसाच्या वर गेलं की नापास. मग सूचनाफलकावर कागद लागणार, आणि ही मालिका आमच्या घरात लागणार नाही म्हणून प्रत्येक घराने त्यावर सही करायची.

"पहिली सही माझी," आजोबा म्हणाले.

"दोष मोजणार कसे?" कोणीतरी विचारलं.

आणि सगळ्यांनी मावशींच्या गळ्याकडे पाहिलं.

"हे माणसं मोजायचं यंत्र आहे," मावशी म्हणाल्या. "टीव्ही उपासनेला येतो का?" पण ठराव झाला होता. मला दोरीतून सोडवून आजोबांच्या खिशात घालण्यात आलं.

मित्रांनो, ते घर कसं होतं ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. घरात आजोबा, त्यांची मुलगी आणि नात. मुलगी नर्स. तिची ड्युटी दुपारी दोनपासून, ती यायच्या आत नात झोपलेली असायची. नात नऊ वर्षांची. आजोबा तिला सूचनापेटी म्हणायचे, कारण ती जगातल्या प्रत्येक वस्तूला सुधारणा सुचवायची. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. ती होती तेव्हा घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. ती गेल्यावर ते खातं कोणी घेतलंच नाही. आजोबा आणि नात शाळेनंतरचे चार तास एका घरात काढायचे ते दोन अनोळखी प्रवासी एका बाकावर बसल्यासारखे. फक्त साडेसात ते आठ या वेळात सोफ्यावर शेजारी शेजारी. बापाने नळाला पाना लावला की नात टीव्हीला सांगायची, "अरे, आधी पाणी बंद कर." आणि आजोबा म्हणायचे, "मेन कॉक." एवढंच. दिवसभरातलं त्या दोघांचं सगळं संभाषण तेवढंच होतं आणि ते रोज होत होतं.

आता पेटी नापास झाली, तर तेही जाणार होतं. नातीला हे पक्कं माहीत होतं. पहिल्या संध्याकाळी तिने मला आजोबांच्या मुठीत पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, बटण जरा घट्ट नाही का करता येत?"

तपासणीला कमिटी आजोबांच्या बैठकीच्या खोलीत जमली. किराणावाले सगळ्यात पुढच्या खुर्चीवर. पाळकसाहेब सोफ्याच्या कडेला. आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे काका, ज्यांना सगळे ऑर्गनवाले म्हणत, ते मागे दाराजवळ. त्यांचा डावा पाय लहानपणीच्या आजारातून अधू राहिला होता. त्यांना उठता-बसता वेळ लागायचा, म्हणून ते नेहमी दाराजवळ बसत. नात जमिनीवर, आजोबांच्या पायाशी.

मुठीत असताना मला बोटांच्या फटीतून दिसतं तेवढंच दिसतं. पण अंगठा असतो ना. अंगठ्यातून मला सगळं कळतं: घाम, धडधड, खोटेपणा, भूक. लाँचवाल्या मामांचा अंगठा नदीसारखा गार असायचा. आजोबांचा अंगठा पहिल्या पाच मिनिटांतच वेगळं वागायला लागला.

"टॉवेल बघा," किराणावाले म्हणाले. "गुडघ्याच्या वर आहे."

"तो आजीचा मफलर आहे," मागून ऑर्गनवाले म्हणाले. "टॉवेल पायाखाली आहे."

आजोबांचा अंगठा हलला नाही. मग टीव्हीवरचा बाप नळ फिरवायला गेला, नळ हातात आला, आणि पाण्याचा फवारा थेट आजीच्या रेडिओत. टिक. बाप पाणी अडवायला बसला तो बादलीत. टिक. बादली निघेना. टिक टिक.

मला आधी वाटलं, म्हाताऱ्याची नजर फार बारीक आहे, त्याला बादलीत बसण्यातही पाप दिसतं. पण अंगठा गरम होता, थरथरत होता, आणि वर छातीत कुठेतरी दाबलेली उचकी. मित्रांनो, तो माणूस हसत होता. पस्तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर त्याने चेहरा हलू दिला नव्हता, कारण तपासनीस हसला तर कामगारांना वाटतं की पेटी पास झाली. ओठांना बंदी होती म्हणून हसू अंगठ्यात उतरलं. आणि अंगठ्याखाली मी होतो.

पहिल्या भागात चौदा. दुसऱ्यात सतरा.

तिसऱ्या भागात तो लंगडणारा शेजारी बादली घेऊन आला. तो परत निघाला तेव्हा टीव्हीवरची तीन मुलं त्याच्या मागे रांगेत उभी राहिली आणि त्याच्यासारखी पाय ओढत चालायला लागली. कंपनीने भरून ठेवलेलं हसू धो धो वाजलं. खोलीतही हसू फुटलं. किराणावाले हसले. नात हसली. पाळकसाहेबही हसले आणि त्यांनी रुमाल काढून खोकल्याचं नाटक केलं. आजोबांचा अंगठा मात्र बर्फासारखा गार झाला आणि बटणावरून उचलला गेला. मान किंचित दाराकडे वळल्याचं मला मनगटातून कळलं. दाराजवळून काहीच आवाज आला नाही.

मग तो शेजारी साबणावरून घसरला, सोबत आजीही घसरली. अंगठा पुन्हा खाली आला. टिक.

तिसऱ्यात बारा, चौथ्यात अठरा. आजोबांनी आकडा वाचला, "एकसष्ट."

"दुपटीच्या वर," किराणावाले समाधानाने म्हणाले. "आणि हे कोणा माणसाचं मत नाही बरं का. यंत्राने सांगितलंय. यंत्र खोटं बोलत नाही."

इथे माझा संताप सुरू होतो आणि तो अजून संपलेला नाही. मी सांगितलं? मी? मी फक्त टिक म्हणालो. माझ्या पोटात आकडा होता, कारण नव्हतं. एकसष्ट वेळा एक म्हातारा दोन वर्षांनंतर हसला आणि त्याचा त्यांनी गुन्हा केला, आणि साक्षीला मला उभं केलं. आणि ज्या एका जागी खरोखर वाईट झालं, तिथे माझ्या काचेतला आकडा हललाच नाही. सर्वांच्या देखत, सर्वांच्या मधोमध, एका माणसाच्या चालण्याची टिंगल झाली, आणि टॉवेल किती इंच वर आहे यावर चर्चा करणारी ही सज्जन मंडळी त्याच माणसाकडे पाठ करून हसली. मला तोंड असतं तर मी चावलो असतो.

आजोबांनी आकड्याखाली सही करायची आणि तो रविवारी उपासनेनंतर कमिटीपुढे ठेवायचा, असं ठरलं. आजोबांनी कागद टेबलावर ठेवला. सही केली नाही. पेन सापडत नाही म्हणाले. पेन खिशात माझ्या शेजारीच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला कमिटी नव्हती. फक्त दोघं सोफ्यावर. नातीच्या हिशेबाने ही शेवटच्याआधीची वेळ होती. आजोबांनी सवयीने मला मुठीत घेतलं. टीव्हीवर बापाने शॉवर बसवला, शॉवर छतासकट खाली आला. टिक.

"आता काय वाईट झालं?" नातीने विचारलं.

"कुठे?"

"तुम्ही दाबलंत."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याने... निष्काळजीपणा केला."

"निष्काळजीपणा यादीत नाही. यादी फ्रिजवर लावलीय तुम्ही, मी वाचली." ती सोफ्यावर त्यांच्याकडे तोंड करून बसली. "आजोबा, तुम्ही हसता तेव्हा दाबता. तुमचं पोट हलतं आणि मग बटण वाजतं. मी चारही दिवस खाली बसले होते, मला ऐकू येतं."

"मी हसत नाही."

टीव्हीवर आजी डोक्यावर छताचा तुकडा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, पाऊस पडणार आहे असं रेडिओवर सांगितलंच होतं. टिक.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, कारखान्यात तपासनिसाची मोजपट्टीच चुकीची निघाली, तर त्या पट्टीने तपासलेला सगळा माल पुन्हा तपासावा लागतो. त्याहून मोठी नामुष्की त्या धंद्यात नाही.  आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "मग दाबायला कुठे हवं होतं?"

 नातीकडे प्रत्येक गोष्टीला सूचना असायची, पण या वेळी ती सोफ्याच्या कापडातला दोरा ओढत बसली.

"तिसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "ते शेजारच्यांच्या मागे चालतात तेव्हा. मी हसले. मग मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही ऑर्गनवाल्या काकांकडे बघत होता." दोरा निघाला. "आजोबा, आम्ही संडे स्कूल सुटल्यावर तसंच चालतो. त्यांच्या मागे. ते घंटाघराकडे वळेपर्यंत. ते ओळखत नसतील, ना?"

आजोबांचा अंगठा माझ्यावर होता. तो किती गार झाला ते मी सांगणार नाही.

रविवारी मावशींनी मला परत मागितलं. पण मी पुरावा होतो म्हणून पाकिटात बंद. त्या दिवशी मावशींनी बोटांवर मोजलं आणि त्यांना मध्येच कोणीतरी खुशाली विचारली. उपासनेला किती जण होते, हे आजतागायत कोणाला माहीत नाही.

उपासनेनंतर कमिटी मागच्या खोलीत बसली. किराणावाल्यांनी सूचनाफलकाचा कागद लिहूनच आणला होता, खाली सह्यांच्या रेघाही मारल्या होत्या. आजोबा उभे राहिले.

"या आकड्यावर मी सही करू शकत नाही," ते म्हणाले. "हे एकसष्ट दोष नाहीत. मी एकसष्ट वेळा हसलो. मोजणारा खराब होता. मी."

 चिटणीस हसतात, ही माहितीच पचायला वेळ लागत होता.

"एकसष्ट?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"चार भागांत."

"मग पास म्हणायची का पेटी?" किराणावाले चिडून म्हणाले.

"पास नाही." आजोबांनी मला पाकिटातून काढलं आणि बाजूची कळ फिरवली. माझे चारही आकडे शून्य झाले. मग त्यांनी अंगठा ठेवला आणि एकदाच, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा दाबला. "हा एक आहे. तिसऱ्या भागातला. तेव्हा माझ्या घरी आपण सगळे हसलो, आणि मी हसलो नाही तरी गप्प बसलो, म्हणजे तेच. ज्यांच्यावर हसलो ते मागे दाराजवळ बसले होते. आपली मुलं रविवारी त्यांच्या मागून तसंच चालतात. माझी नातसुद्धा. तिने स्वतः सांगितलं." ते ऑर्गनवाल्यांकडे वळले. "मी माफी मागतो. कमिटीतर्फे नाही. कमिटीची कमिटीने बघावी."

ऑर्गनवाले पुन्हा दाराजवळच होते. त्यांनी घसा खाकरला.

"मला वाटलं, आपण अजून टॉवेलवरच आहोत," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी किराणावाल्यांच्या हातातला कागद घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. "चिटणीस, लिहू काय?"

"लिहा, स्क्रू वाकडा आहे की नाही हे मी डोळे मिटून सांगेन. ही पेटी मला इथे बसून तपासता येत नाही. ज्याच्या त्याच्या घरी, मुलाच्या शेजारी बसून तपासावी. मूल हसलं तर कशावर हसलं, ते बघावं. टीव्ही सुरू करून देऊन मोठ्यांनी उठून जाऊ नये."

किराणावाल्यांनी प्रार्थनेचा मुद्दाही घालायला सांगितला. तोही घातला. शेवटी त्यांनीच खाली सही केली, कारण कागद त्यांनी आणला होता.

नात बाहेर पायऱ्यांवर मावशींजवळ उभी होती. ऑर्गनवाले वाद्याचं झाकण बंद करायला आत गेले, तशी तीही गेली. आजोबा दारातच थांबले, मी त्यांच्या मुठीत.

"काका," ती म्हणाली, "मी पण चालायचे. मागून."

"माहीत आहे. लाकडी फरशी आहे, पावलं ऐकू येतात." त्यांनी झाकण लावलं. "चालून दाखव."

"नको."

"दाखव म्हणतो ना."

ती दोन बाकांमधल्या वाटेवर चालली. मान खाली, पाय ओढत. चार पावलांनंतर तिला रडू यायला लागलं.

"चूक," ऑर्गनवाले म्हणाले. "तू उजवा ओढतेस. माझा डावा आहे. इतके महिने माझ्या मागे चाललीस आणि माझ्याकडे एकदाही नीट बघितलं नाहीस."

मग ते तिच्याजवळ आले, त्यांच्या वेगाने, आणि दोघं मिळून दाराकडे निघाले. तिने पावलं लहान केली. तशी सूचना तिला कोणी दिली नव्हती.

मित्रांनो, मी आता पुन्हा मावशींच्या गळ्यात आहे. मला तेल मिळतं, कुत्रा नियमित येतो, तक्रार नाही. आजोबा आणि नात अजून साडेसातला सोफ्यावर बसतात. म्हणतात की आजोबांचं हसू हल्ली आवाजासकट येतं आणि पहिल्यांदा ते ऐकून शेजारी काही पडलं का बघायला आले होते. पण माझा राग अजून गेलेला नाही. तो मी तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. वस्तूंना जपा, असं सगळ्या वस्तू शेवटी सांगतात. मी ते सांगत नाही, मी लोखंडी आहे, मला काही होत नाही. माझी विनंती एवढीच की चांगलं-वाईट ठरवायचा कंटाळा आला म्हणून मला हातात घेऊ नका. लाँच भरली असेल तर जरूर बोलवा, मी एकेचाळिसाव्याला उतरवून दाखवीन, मग तो नवरदेव असो. पण कोणावर हसावं आणि कोणावर हसू नये, हे मला विचारू नका. मान वळवून दाराजवळ कोण बसलंय ते बघा. मला मान नाही, तुम्हाला आहे.